दुपारी ३६, पहाटे १४ आणि मधे ४० ग्रॅमचं पिल्लू

होळी जळाली थंडी पळाली असं आपण म्हणतो आणि त्याच भरवशावर बरेच जण मार्चमध्ये कोंबडीच्या पिलांवरचा उबेचा बल्ब काढून टाकतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. दुपारी पत्रा तापला होता, बारा दिवसांची पिलं चोची उघडून धापा टाकत होती, म्हटलं आता कशाला हवाय लाईट. पहाटे जाऊन बघते तर सगळी पिलं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली आणि तळातली नऊ मेलेली. थंडीने नव्हे, वरच्यांच्या ओझ्याखाली गुदमरून. ऊब शोधत सगळी एकाच जागी घुसली होती. तेव्हापासून या पिलांच्या अंगात नक्की काय चालतं हे समजून घ्यायच्या मागे लागले.

अंड्यात २१ दिवस पिल्लाला साधारण साडेसदतीस अंशाची ऊब बाहेरून मिळत असते, स्वतः काही करावं लागत नाही. बाहेर आल्यावर ते लगेच पळतं, चोच मारतं, दाणे टिपतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की झालं तयार. पण अंगातली शेगडी अजून पेटलेलीच नसते. मोठ्या कोंबडीचं अंग ४१ अंशाच्या आसपास कायम राहतं, पिल्लाला ते जमायला दहा-पंधरा दिवस लागतात आणि तोपर्यंत हवा गार झाली की अंगही गार होत जातं. थोडं कुडकुडता येतं पण तेवढ्याने भागत नाही, आणि माणसाच्या तान्ह्या बाळाच्या अंगात उष्णता तयार करणारी एक खास तपकिरी चरबी असते तीही पक्ष्यांना नसते. अंगावर फक्त लव, खरी पिसं पूर्ण यायला पाच-सहा आठवडे.

त्यात आकाराची अडचण. वस्तू जितकी लहान तितकं तिच्या वजनाच्या मानाने अंग उघडं जास्त. ४० ग्रॅमचं पिल्लू आणि २ किलोची कोंबडी असा हिशोब मांडला तर दर ग्रॅममागे पिल्लाची कातडी साधारण पावणेचार पट भरते, म्हणजे उष्णता निसटायला तितकी जास्त वाट. कपातला चहा टोपातल्या चहाच्या आधी निवतो तसंच.

आता आपल्याकडचा फाल्गुन-चैत्र बघा. देशावर हवा कोरडी आणि आकाश मोकळं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते, अडवायला ना ढग ना बाष्प. दुपारी ३६ आणि सूर्योदयाच्या जरा आधी १४-१५, असे दिवस फेब्रुवारीच्या शेवटापासून सुरूच असतात. ज्या रात्री आभाळ येतं त्या रात्री मात्र उकडतं, म्हणजे कालचा अंदाज आज लागू नाही.

पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश लागतात आणि मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ३६ अंशाची तीच दुपार चार दिवसांच्या पिल्लाला जवळजवळ बरोबर आहे आणि वीस दिवसांच्या पिल्लाला छळ आहे, आणि १४ अंशाची पहाट वीस दिवसांच्याला कशीतरी निभते पण चार दिवसांच्याला २० अंश कमी पडतात. म्हणून दोन वयाची पिलं एका खोक्यात ठेवून एकच बल्ब लावला की एकाचं तरी नुकसान ठरलेलं.

उन्हाचं म्हणाल तर कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. धाप टाकून घशातली ओल उडवायची आणि पंख अंगापासून लांब धरायचे, एवढेच उपाय. कोरड्या हवेत ते चालतं पण पाणी झपाट्याने संपतं, त्यामुळे दुपारी भांडं रिकामं राहिलं तर पिल्लू लवकरच मलूल दिसायला लागतं. आणि अवकाळीच्या आधी दमट उकाडा होतो तेव्हा ओल उडतच नाही, धाप वाया जाते.

मग करायचं काय, दर तासाला उठून बल्ब वरखाली? याचं उत्तर मला खुडूक, म्हणजे अंड्या-पिलांवर बसणाऱ्या कोंबडीने दिलं. शेजारच्या काकूंची कोंबडी अकरा पिलं घेऊन फिरायची आणि मी नुसती बघत बसायचे. ती कधीच पिलांना ठरावीक ऊब देत नाही. ती बसते, पोटाखालची तिची कातडी उघडी आणि गरम असते, पिलं आत शिरतात, पाच-दहा मिनिटांनी बाहेर येतात, दाणे टिपतात, गार वाटलं की परत आत. किती ऊब घ्यायची ते प्रत्येक पिल्लू स्वतः ठरवतं. आपण ब्रूडर म्हणून, म्हणजे पिलांना ऊब द्यायची जागा म्हणून, जे करतो त्यात नेमकी हीच सोय हरवते, कारण लहान खोक्यात मधोमध बल्ब टांगला की पळायला जागाच उरत नाही.

म्हणून माझं ठाम मत, थर्मामीटर असू दे पण खरी गोष्ट म्हणजे जागा लांबट ठेवा, एका टोकाला ऊब, दुसरं टोक गार, पाणी गार बाजूकडे, आणि भिंत पत्र्याची वळवलेली म्हणजे चेंगरायला कोपराच नको. मग पिलं सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून किंचाळत असतील तर थंडी, बल्बपासून लांब भिंतीला चिकटून चोच उघडी असेल तर गरम, सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडे पसरलेली आणि हळू चिवचिव चालू, म्हणजे जमलं. एखादं हातात घेऊन त्याचे पाय आपल्या गालाला लावून बघा, गार लागले तर खाली अंथरलेली तुसाची गादीच गार आहे. आणि बल्ब जुना पिवळा तारेचाच हवा, एलईडी उजेड देतो पण खालचं पिल्लू ऊब येण्याची वाटच बघत राहतं.

लाईट जाते तेव्हाची तयारी वेगळी हवी. प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून जाड फडक्यात गुंडाळून आत ठेवायच्या. १ लिटर पाणी ६० अंशावरून ३५ वर येईपर्यंत जेवढी उष्णता देतं ती ६० वॉटच्या बल्बच्या अर्ध्या तासाएवढी होते आणि पिलं अंगाला लावून बसतात त्यामुळे कामीही जास्त येते. कोळशाची शेगडी आत ठेवून सगळीकडून बारदान बंद करणं मात्र कृपा करून टाळा. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि पिलांबरोबर आत झोपलेल्या माणसाचाही जीव जातो.

राहिला अवकाळी पाऊस. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही, तेवढी दरवर्षी नसते पण एखादी वावटळ आणि तिरपी सर येतेच. भिजलेली लव चिकटते, तिच्यात अडकलेली हवा जाते आणि ऊबही जाते. वर ओल सुकताना उष्णता खेचते. नुसतं १ ग्रॅम पाणी, म्हणजे वीसेक थेंब, सगळं पिल्लाच्याच अंगाच्या उष्णतेवर सुकलं तर ४० ग्रॅमचं पिल्लू पंधराहून जास्त अंशांनी गार व्हावं असा हिशोब निघतो. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेतून येते, तरी अंदाज येईल. म्हणून भिजलेलं पिल्लू आधी फडक्याने कोरडं करा, मग उबेला ठेवा.

पाऊस थांबला की लोक निर्धास्त होतात, माझ्या मते खरा धोका तिथून पुढे आहे. ओल्या तुसात आणि वरून पडलेल्या कडक उन्हाच्या उबेत रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. ती विष्ठेतून आधीच तिथे असतात, ओलीची वाट बघत. त्याच ओलीत जिवाणू विष्ठेचा अमोनिया करतात, डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेला इजा होते. आपण उभ्याने वास घेतो, पिल्लू जमिनीपासून चार बोटांवर श्वास घेतं, म्हणून गुडघे टेकून तिथला वास घेऊन बघा. भिजलेलं तूस उकरून वरखाली करू नका, काढून टाका आणि कोरडं घाला.

चौथ्या आठवड्यात पाठीवरची लव जाऊन पिसं दिसायला लागली की पिलं रात्रीसुद्धा बल्बपासून लांब, एकमेकांना टेकून झोपायला लागतात. मी तेव्हा आधी दिवसाचा बल्ब बंद करते, मग रात्रीचा पहिला भाग, आणि पहाटे ३ ते ६ चा सगळ्यात शेवटी. यंदाच्या पिलांचा पहाटेचा बल्ब अजून चालू आहे, आज सकाळी त्याच्याखाली फक्त दोनच होती.