इफ-लेट: अटीला बांधलेले नाव

कोष्टकात काही शोधायचे, सापडले तर ते वापरायचे आणि नाही सापडले तर दुसरी वाट धरायची, हे काम प्रोग्रॅममध्ये पदोपदी येते. त्यासाठी आधी ‘लेट’ लिहून मिळालेल्या मूल्याला नाव द्यावे लागते आणि मग ‘इफ’ लिहून ते तपासावे लागते. ही दोन पावले एकत्र करणारी रचना म्हणजे क्लोजर या भाषेतील ‘इफ-लेट’.

वरवर ही केवळ टंकनाची बचत वाटते, पण भाषा रचणाऱ्याला खरा पेच पडतो तो ‘एल्स’च्या, म्हणजे अट फसल्यावर चालणाऱ्या, शाखेत ते नाव दिसावे की नाही, हा. समजा, बाहेर ‘दर’ या नावाचे मूल्य 5 आहे आणि आत शोधाच्या उत्तरालाही ‘दर’ हेच नाव दिले. शोध फसला, तर क्लोजरच्या ‘एल्स’मध्ये ‘दर’ म्हणजे 5 असते, कारण तिथे उत्तर आधी एका छुप्या नावाखाली तपासले जाते आणि ते खरे निघाले तरच ‘दर’ हे नाव बांधले जाते. कॉमन लिस्प या भाषेच्या अलेक्झांड्रिया लायब्ररीतील ‘इफ-लेट’ मात्र नाव आधीच बांधते, म्हणून तिथे त्याच जागी ‘निल’, म्हणजे ‘काही नाही’ दर्शवणारे मूल्य, मिळते. मला क्लोजरचा मार्ग अधिक पटतो. जे सापडलेच नाही त्याला नाव कशाला?

‘फसला’ म्हणजे काय, हेही ठरवावे लागते. क्लोजरमध्ये ‘निल’ आणि ‘फॉल्स’ ही दोन्ही मूल्ये असत्य मानली जातात, त्यामुळे कोष्टकात खरोखरच ‘फॉल्स’ नोंदलेले असले तरी ‘इफ-लेट’ ते न सापडल्यासारखे वागते. यासाठी 2014 मध्ये 1.6 आवृत्तीत फक्त ‘निल’ तपासणारी ‘इफ-सम’ ही रचना आली. हास्केल या भाषेत ‘मेबी’ हा प्रकार ‘सापडले, पण असत्य’ आणि ‘सापडलेच नाही’ यांत मुळातच भेद करतो.

क्लोजरचे ‘इफ-लेट’ एकच बंधन, म्हणजे नाव आणि मूल्याची एकच जोडी, स्वीकारते. स्कीम या भाषेसाठी सुचवलेल्या ‘अँड-लेट-स्टार’मध्ये अनेक बंधने क्रमाने येतात, प्रत्येकाला आधीची नावे वापरता येतात आणि पहिल्या अपयशाशी सगळे थांबते, पण नेमके काय फसले, हे कळत नाही. एलिक्सिर या भाषेच्या ‘विथ’ या रचनेत अपेक्षित साच्याशी न जुळलेले मूल्य ‘एल्स’पर्यंत पोहोचते. मात्र अनेक पायऱ्यांची अपयशे त्या एकाच ‘एल्स’मध्ये जमा झाली की कोणते कुठून आले हे ओळखणे पुन्हा अवघड होते, आणि म्हणूनच प्रत्येक पायरीचे अपयश तिच्या स्वतःच्या फंक्शनमध्येच एकसारख्या रूपात आणावे, असे त्या भाषेचे दस्तऐवज सुचवतात.