शरीर, कॅमेरा आणि रिळाची लांबी

कलावंताने स्वतःच्या शरीरावर केलेल्या प्रयोगांच्या जुन्या फिती पाहताना दोन प्रश्न हमखास पडतात: ‘एवढंच?’ आणि ‘हे संपत का नाही?’ दोन्हींचं उत्तर बऱ्याचदा कलाविचारापेक्षा रिळात सापडतं.

१६ मिमीचं ४०० फुटी रीळ सेकंदाला २४ फ्रेमने ११ मिनिटं चालतं. अमेरिकी कलावंत ब्रूस नॉमनने १९६७-६८ मध्ये स्वतःचा चेहरा आणि उघडी छाती आधी पांढऱ्या, मग गुलाबी, हिरव्या आणि शेवटी काळ्या रंगाने माखली. रंग चार, फिती चार, प्रत्येक दहाएक मिनिटांची. सुपर ८ या अरुंद, घरगुती फिल्मचं कार्ट्रिज ५० फुटांचं, १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंद. आना मेंदिएताच्या बऱ्याच मूक फिती एवढ्यातच आटोपतात. चावी भरून चालणारा बोलेक्स कॅमेरा तर एका चावीत अर्धं मिनिटही धड चालत नाही. एकट्याने काम करणाऱ्याला तो कुचकामी.

रिचर्ड सेराच्या १९६८च्या फितीत फक्त एक हात दिसतो. वरून शिशाचे तुकडे पडतात, हात झेलायला जातो, बहुतेकदा हुकतो. सापडला तुकडा की आवळून सोडून देतो. तळवा काळवंडतो, बोटं दमतात. तीनेक मिनिटं पुरतात, जास्त नकोतच.

फिल्मची खरी गोची वेगळी होती. लॅबमधून धुऊन येईपर्यंत डोकं फ्रेममध्ये आलं की कापलं गेलं, कळायचं नाही. म्हणून जमिनीवर चिकटपट्टीने हद्द आखायची, फोकस आधीच मोजून बांधायचा आणि हद्दीबाहेर जायचं नाही.

१९६७ नंतर सोनीचा पोर्टापॅक, म्हणजे खांद्यावर नेता येणारा व्हिडिओ संच, आला. अर्धा इंची टेप, धुलाई नाही आणि मॉनिटरवर आपण त्याच क्षणी दिसतो. व्हिटो अकाँचीने १९७१ मध्ये वीसेक मिनिटं मॉनिटरच्या मध्यावर, म्हणजे स्वतःच्याच प्रतिमेवर, बोट रोखून धरलं. हात अवघडतो, बोट डगमगतं, तेच पाहायचं. जोन जोनासने १९७२ मध्ये ‘व्हर्टिकल होल्ड’ (पडद्यावरचं चित्र जागी स्थिर धरणारी जुळणी) बिघडल्यावर चित्र वर-खाली पळतं, तो दोषच कामाला लावला. मॉनिटरवरचं पळतं चित्र दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलं. फिल्मवर हे सुचलंच नसतं.

किंमत टेपने नंतर वसूल केली. जुन्या टेपचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकट थर, दमट हवा शोषून लिबलिबीत होतो, लगदा टेप वाचणाऱ्या हेडवर साचतो आणि चित्र जातं. अशी टेप सुमारे ५० अंश सेल्सिअसला कित्येक तास शेकतात. त्यानंतर ती काही आठवडेच धड चालते. तेवढ्यात प्रत काढून घ्यायची.