पोत, अमूर्त चित्रातील

पोत : चित्राच्या पृष्ठभागाचा डोळ्यांना किंवा बोटांना जाणवणारा गुण. खरखरीतपणा, गुळगुळीतपणा, रंगाची जाडी, ओरखडे, भेगा, थरांची दाटी हे सारे पोतात येते. रंग, आकार आणि पोत कोणत्याही चित्रात असतातच. पण माणूस, झाड, घर असे ओळखीचे काहीच नसलेल्या चित्रात सगळा भार या तिघांवर येतो. मराठीत अमूर्त चित्रांविषयी लिहिताना रंगाबद्दल भरभरून लिहिले जाते, आकाराबद्दल बेताने, आणि पोत एखाद्या वाक्यात उरकला जातो. भारतीय अमूर्त चित्रांचा विचार करताना सुरुवात पोतापासूनच करायला हवी.

पोत प्रत्यक्ष असतो किंवा आभासी. जाड रंग, वाळू, संगमरवराची पूड, चिकटवलेला कागद यांनी पृष्ठभाग खरोखर उंचसखल होतो, तो प्रत्यक्ष पोत. सपाट कागदावर रेषा, ठिपके, छटा यांच्या मांडणीतून जो खडबडीतपणा नुसता भासतो, तो आभासी. नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांच्या शाई आणि पेन्सिलीच्या रेखाटनांत कागद सपाटच राहतो. रेषांमधले अंतर कमीजास्त होते आणि तेवढ्यावर अख्खा पृष्ठभाग थरथरू लागतो.

पोतातून चित्र घडवण्याचे सर्वांत समृद्ध उदाहरण वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे. नागपूरला जन्मलेल्या आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या गायतोंड्यांना आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हा शब्द मान्य नव्हता. ती वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कोणत्याही वस्तूवर न बेतलेली, आहेत असे ते म्हणत. कुंचल्याऐवजी ते रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी) वापरत. ओल्या रंगाचे थर लावायचे, काही खरवडून काढायचे, फाडलेल्या कागदाचे तुकडे दाबून रंग उमटवायचा किंवा उचलून घ्यायचा, असे काम चाले. वर्षाला पाच-सहाच चित्रे पुरी होत. त्यांचे चित्र लांबून जवळजवळ एकरंगी दिसते. जवळ गेल्यावर एकाच पिवळ्यात किंवा हिरव्यात खोलीच्या कितीतरी पातळ्या सापडतात, आणि आकार म्हणून जे दिसते ते रेखाटलेले नसून थर जिथे पातळ झाला तिथून वर आलेले असते. रंग आणि आकार दोन्ही इथे पोतातून जन्मतात. प्रभाकर कोलते (जन्म १९४६) यांच्या चित्रांतही झाकलेल्या थरांना असेच महत्त्व आहे.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचा प्रवास वेगळ्या दिशेचा. साठच्या दशकातली त्यांची तैलचित्रे जाड, वेगवान फटकाऱ्यांची. पुढे बिंदू आणि त्रिकोणांच्या ॲक्रिलिक चित्रांत पोत मागे सरला आणि आकार व शुद्ध रंग पुढे आले. जेराम पटेल यांनी साठच्या दशकात प्लायवुड ब्लोटॉर्चने जाळून पृष्ठभाग घडवला. सोमनाथ होर यांच्या ‘जखमा’ मालिकेत तर पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर पांढऱ्याच खुणा आहेत. रंग जवळपास नाही, तरी वेदना स्पष्ट कळते.

मराठवाडा आणि पोत : पृष्ठभाग थराथराने कसा घडतो हे समजून घ्यायला अजिंठ्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर तूस, वनस्पतींचे तंतू आणि वाळू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि वर डिंक-सरसासारख्या बंधकातले रंग अशी तिथली रचना आहे. काव, पिवळी माती, काजळी, चुना हे रंग साधे. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द हा निळा दगड मात्र बाहेरून आणलेला. आज रंग पडलेल्या जागी तूस आणि मातीचा थर उघडा दिसतो. त्या पडझडीला अमूर्त चित्र म्हणून मिरवणे चूक आहे, कारण ते नुकसान आहे; पण चित्राचे अंतरंग असे उघडे पाहायला क्वचितच मिळते.

रंग पोतापासून वेगळा काढता येत नाही, हे पैठणच्या विणकरांना चित्रकारांच्या फार आधीपासून ठाऊक आहे. पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा घातला की कापड हलताच रंग पालटतो; याला धूपछाँव म्हणतात. तो तिसरा रंग कोणत्याही धाग्यात नसतो, विणीत असतो. अमूर्त चित्रात खालच्या थराचा रंग वरच्यातून झिरपतो तेव्हा हेच घडते.

भेगांबद्दल मात्र सावध राहावे लागते. मराठवाड्याची काळी जमीन पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. इथल्या प्रेक्षकाला भेगाळलेला तपकिरी कॅनव्हास दिसला, की ‘दुष्काळ’ म्हणून तो मोकळा होतो. कारणातले साम्य खरे आहे : रंगाचा वरचा थर वाळताना आक्रसतो, खालचा त्याला साथ देत नाही, आणि तडा जातो. तरी चित्र म्हणजे शेताचा फोटो नव्हे. भेगेतून खालचा कोणता रंग दिसतो, ती रेघ किती अंतर जाते, कुठे थांबते, शेजारचा सपाट भाग तिला कसा तोलतो, हे पाहिल्यावरच ते चित्र पाहिले असे म्हणता येते. चित्रकारांनीही भेगाळ पोताला आपल्या भागाची आयती ओळख म्हणून वापरू नये.

सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबईत १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट स्थापन झाला, तेव्हा हा भाग त्या घडामोडींपासून राजकीयदृष्ट्याही दूर होता. आज छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे. कलाशिक्षणाच्या पायाभूत वर्गात स्पंज, दोरा, पाने, घासून घेतलेले ठसे यांतून पोतनिर्मिती शिकवतात. बहुतेक मुलांची पोताशी ओळख तिथेच होते आणि दुर्दैवाने तिथेच थांबते. पोत म्हणजे सजावटीची युक्ती असा समज त्यातून पक्का होतो.

हवामानाचाही परिणाम होतो. चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक चटकन वाळते, ओल्यात ओला रंग मिसळायला वेळ उरत नाही. पाण्याचा फवारा मारणे, रंग सावकाश वाळवणारे रिटार्डर घालणे किंवा पहाटे काम करणे हे उपाय आहेत. तैलरंगात वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवे. नाहीतर नको तिथे तडे जातात.

पोत नीट दिसायला बाजूने येणारा तिरपा उजेड लागतो. समोरून पडलेल्या झगझगीत दिव्यात उंचसखलपणा पुसला जातो, आणि मोबाइलवरच्या फोटोत गायतोंड्यांचे चित्र रंगीत पाटीसारखे सपाट दिसते. बीड, परभणी, लातूरच्या विद्यार्थ्यांनी ही चित्रे छापील पुस्तकांवर न थांबता मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात किंवा जहांगीर कलादालनात लागणाऱ्या प्रदर्शनांत, मूळ कॅनव्हाससमोर, कडेला उभे राहून पाहावीत.