सेल काढला तरी बायोसचा पासवर्ड का जात नाही?

लॅपटॉपच्या बायोसचा, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा, पासवर्ड विसरला, की एक सल्ला हमखास मिळतो: मदरबोर्डवरचा गोल सेल काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. एके काळी हे बरोबर होतं. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीत सेटिंग्ज मोटोरोलाच्या घड्याळाच्या चिपमध्ये राहत. तिच्यात एकूण जागा ६४ बाइट. १४ घड्याळाला, ५० बाकी सगळ्याला. ही सीमॉस मेमरी वीज मिळते तोवरच लक्षात ठेवते. सेल काढला की पाटी कोरी.

आता तो सेल, असलाच तर, बहुतेक वेळा घड्याळापुरता उरलाय. पासवर्ड सहसा राहतो आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये नाहीतर वेगळ्या ईईप्रॉममध्ये. दोन्ही विजेशिवाय लक्षात ठेवणाऱ्या चिप.

फ्लॅशमध्ये दर बिटामागे एक ट्रान्झिस्टर असतो. त्याला चालू-बंद करणाऱ्या नेहमीच्या गेटखाली आणखी एक गेट असतं, आणि त्याला कुठलीच तार जोडलेली नसते. सगळीकडून सिलिकॉन डायऑक्साइडचं, म्हणजे काचेचंच, वेष्टण. खालचा थर जेमतेम १० नॅनोमीटर जाडीचा. या तरंगत्या गेटात इलेक्ट्रॉन कोंडले की बिट ० वाचला जातो, नसले की १. बाहेर पडायला इलेक्ट्रॉनला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेची भिंत ओलांडावी लागते. तेवढी ऊर्जा खोलीच्या तापमानाला मिळत नाही. म्हणून चिपच्या माहितीपत्रकात २० वर्षांच्या टिकाऊपणाची हमी असते, विजेशिवाय!

मग पुसतात कसं? चिप ३.३ व्होल्टवर चालते, पण आतलं चार्ज पंप नावाचं सर्किट विजेचा दाब वाढवतं. १० नॅनोमीटरच्या थरावर १० व्होल्ट म्हणजे मीटरमागे १०० कोटी व्होल्टचं क्षेत्र. त्यात ती भिंत तिरकी होते आणि इलेक्ट्रॉनला १० ऐवजी ३ नॅनोमीटरच जाड भासते. मग तो भिंतीवरून जात नाही, आरपार जातो. हेच क्वांटम टनेलिंग. सेल काढून यातलं काहीच घडत नाही. रात्रभर ठेवा नाहीतर महिनाभर.

सरळ मार्ग म्हणजे खरेदीची पावती आणि सिरियल नंबर घेऊन कंपनीचं सर्व्हिस सेंटर. 'कुठलाही लॅपटॉप उघडणारा मास्टर पासवर्ड' विकणाऱ्या साइट्सवर पैसे घालवू नका. काही जुन्या मॉडेलांत तीन चुकांनंतर दिसणाऱ्या आकड्यावरून तो काढता येई. सरसकट तसा पासवर्ड अस्तित्वातच नाही.

प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं यंत्र, वापरणाऱ्या कारागिरानं आधी चार्जर, बॅटरी आणि सेल, तिन्ही सोडवावेत. चिपवरचा नंबर वाचून ती ३.३ व्होल्टची की १.८ ची ते पाहावं; चूक झाली तर चिप जळू शकते. चिपला लावायच्या क्लिपची लाल तार ठिपक्याजवळच्या पहिल्या पायावर. चिप दोनदा वाचून दोन्ही फायली तंतोतंत जुळल्याशिवाय काही लिहू नये. दुसऱ्या लॅपटॉपची अख्खी फाइल तर ओतूच नये. सिरियल नंबर आणि बऱ्याचदा विंडोजची की याच चिपमध्ये असते, ती गेली की गेली. शिवाय पासवर्ड एम्बेडेड कंट्रोलरमध्ये, म्हणजे कीबोर्ड-बॅटरी सांभाळणाऱ्या वेगळ्या चिपमध्ये, असेल, तर ही सगळी मेहनत फुकट.

फक्त फायली हव्या असतील आणि डिस्क सुटी निघत असेल, तर ती दुसऱ्या मशीनला लावा. बायोसचा पासवर्ड डिस्कला कुलूप घालत नाही. डिस्कला स्वतःचा पासवर्ड असेल तर मात्र ती उघडणार नाही, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल.