कुत्रं अचानक अंगावर येऊ लागलं तर : मुसकं, लीश आणि त्याआधीचं थोडं

काल-परवापर्यंत पोरांनी शेपूट ओढली तरी गप्प बसणारं कुत्रं एकाएकी गुरगुरायला लागतं. दूधवाल्याच्या अंगावर जातं, नाहीतर ज्याच्या हातून रोज जेवतं त्याच्याच हाताला दात लावतं. घरातलं कुणीतरी मग दुकानात येतं आणि म्हणतं, 'एक मुसकं द्या, चांगलं घट्ट बसेल असं.' सांगली, मिरज, जत, तासगाव, सगळीकडच्या ग्राहकांकडून आम्ही हेच वाक्य ऐकतो. मुसकं आम्ही जरूर देतो. पण घट्ट देत नाही, आणि देण्याआधी विचारतो : डॉक्टरांना दाखवलंत का?

आधी दवाखाना

मोठ्या वयाच्या, आजवर शांत असलेल्या कुत्र्याचा स्वभाव अचानक बदलला तर पहिला संशय दुखण्यावर घ्यावा. कान आतून चिघळलेला असतो, दाढ तुटलेली असते, खुबा किंवा पाठ धरलेली असते. आपल्याकडे गोचिडांमुळे येणारा ताप पुष्कळ दिसतो, त्यातही कुत्रं चिडचिडं होतं. थायरॉइडचा त्रास असू शकतो. म्हाताऱ्या कुत्र्याला दिसेनासं, ऐकू येईनासं होतं. झोपेत कुणी हात लावला की ते दचकतं आणि दचकून चावतं. डोक्यावरून हात फिरवला की गुरगुरणारा एखादा लॅब्रेडॉर 'माजलाय' असं घरचे धरून चालतात. त्याच्या कानाची पाळी उलटून पाहिली तर आत लालभडक सूज आणि आंबूस वास. अशा कुत्र्याला औषध हवं असतं, मुसकं नुसतं दवाखान्यापर्यंत नेण्यापुरतं.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या : केव्हापासून, कुणावर, कुठे हात लागल्यावर, जेवताना की झोपेत, नंतर किती वेळाने शांत झालं. लांबून मोबाइलवर चित्रण घेता आलं तर घ्या, मात्र त्यासाठी मुद्दाम डिवचू नका. कुत्रं दवाखान्यात शिरतानाच बिथरत असेल तर फोनवर आधी सांगा. घरूनच द्यायचं शांत करणारं औषध डॉक्टर ठरवून देऊ शकतात. माणसांची औषधं स्वतःच्या मनाने देऊ नका.

हे वेगळं, आणि हे आधी वाचा

स्वभावबदलाबरोबर लाळ गळणं, गिळता न येणं, भुंकण्याचा आवाज बदलणं, चाल अडखळणं, लाकूड-माती चावत सुटणं किंवा उलट अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसणं यातलं काही दिसलं तर मुसकं घालायला जाऊच नका. तोंडाजवळ हात नेऊ नका, 'घशात हाड अडकलंय का बघतो' म्हणून जबडा उघडू नका. खोलीचं किंवा आवाराचं दार बाहेरून बंद करा, मुलांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकांना बोलवा. हा रेबीज असू शकतो. लस दिलेली असली तरी लक्षणं फोनवर सांगाच.

कुणाला चावलं, ओरखडलं किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही खूप वाटतात. आपण हळदीच्या गावचे, हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. पण या जखमेवर हळद नको, तिखट नको, चुना नको, तेलही नको. धुऊन झालं की थेट सिव्हिल गाठा किंवा जवळचं सरकारी रुग्णालय. लस त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. जखमेतून रक्त आलं असेल किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. चावणारं कुत्रं घरचं असेल तर 10 दिवस त्याच्यावर लक्ष ठेवतात. मात्र ते 10 दिवस संपायची वाट बघत लस लांबवायची नसते. 'घरचंच आहे, त्याला काय झालंय' हे वाक्य अशा वेळी जीव घेऊ शकतं, कारण रेबीजची लक्षणं माणसात दिसू लागली की वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

कुठलं मुसकं

दुकानात दोन जाती दिसतात. एक कापडाची किंवा नायलॉनची नळी. ती जबडा आवळून बंद ठेवते. स्वस्त असते, खिशात मावते, म्हणून लोक तीच उचलतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि तसंच अंग थंड करतं. तोंड बांधलं की ही वाट बंद. एप्रिल-मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा अशी नळी घालून फिरवलेलं कुत्रं उष्माघाताने कोसळू शकतं. उलटी झाली तर ती बाहेर पडायला जागा नसते. ही नळी इंजेक्शन देताना, नखं कापताना, डॉक्टर समोर असताना, चार-पाच मिनिटांपुरती. फिरायला नेण्यासाठी म्हणून ती आम्ही विकत नाही.

दुसरं जाळीचं मुसकं. तारेचं, रबरी प्लास्टिकचं किंवा चामड्याच्या पट्ट्यांचं. यात कुत्र्याला पूर्ण तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे आणि फटीतून खाऊचा तुकडा घेता आला पाहिजे. आधी कुणाला चावलेलं असेल तर तारेचं घ्या. मऊ रबर जोराच्या चाव्याला वाकतं.

माप असं घ्या. डोळ्यांच्या साधारण 2–3 सेंटीमीटर खालच्या जागेपासून नाकाच्या टोकापर्यंत लांबी. त्याच जागी नाकाडाचा घेर, पण हा घेर तोंड मिटलेलं असताना घेऊ नका. फिरून आल्यावर कुत्रं धापा टाकत असताना टेप फिरवा. तोंड उघडल्यावर घेर बराच वाढतो, आणि बहुतेक मुसकी नेमकी इथेच चुकतात. टेप जवळ आणू देत नसेल तर ओढाताण नको. बाजूने एक फोटो काढा, जात आणि वजन सांगा, दोन-तीन मापं घरी नेऊन बघा.

बसल्यावर नाकापुढे बोटभर जागा हवी. वरची कड डोळ्यांत घुसता कामा नये. कानामागच्या पट्ट्याखालून एक बोट जावं, पण पंजाने ओढून निघू नये. कपाळावरून जाणारा मधला पट्टा असेल तर तोही लावा. जत भागातून येणाऱ्या कारवानी आणि मुधोळ कुत्र्यांचं नाकाड लांब, निमुळतं असतं. तयार मापातलं लॅब्रेडॉरचं मुसकं त्यांना लांबीला तोकडं आणि घेराला ढगळ होतं. त्यांच्यासाठी वेगळं शिवूनच घ्यावं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नेहमीचं मुसकं बसतच नाही, शिवाय त्यांचा श्वास आधीच अडखळतो. त्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवू.

सवय लावणं

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि घाईत नेमकं हेच राहतं. पहिल्याच दिवशी धरून, दाबून मुसकं चढवलं की ते दिसताच कुत्रं पलंगाखाली जातं, आणि पुढच्या वेळी मुसकं आणणाऱ्या हातालाच चावतं.

पहिले दोन-तीन दिवस मुसकं नुसतं जमिनीवर ठेवा. ते समोर आलं की खाऊ, उचललं की खाऊ बंद. मग आतल्या बाजूला घट्ट दही किंवा थोडं तूप लावून हातात कपासारखं धरा आणि थांबा. तुम्ही मुसकं नाकाकडे नेऊ नका, त्याला नाक आत घालू द्या. चाटून झालं, नाक बाहेर काढलं, काढू द्या. हे दिवसातून दोन-तीनदा, दोन-दोन मिनिटं. नाक बिनधास्त आत जाऊ लागलं की कानामागचा पट्टा नुसता टेकवा, मग बकल लावून लगेच सोडा, मग पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग घरातल्या घरात चार पावलं. मध्ये फटीतून उकडलेल्या अंड्याचा किंवा कलेजीचा तुकडा सरकवत राहा. पंजाने ओढायला लागलं तर रागावू नका. त्याचा अर्थ आपण एक पायरी पुढे धावलो, मागे या. एखादं कुत्रं आठवड्यात तयार होतं, एखाद्याला महिना लागतो. शाकाहारी घरात पनीर चालतं. कांदा घातलेलं काही आणि चॉकलेट नको, दोन्ही कुत्र्याला विषारी.

तयार झाल्यावरही मुसकं फक्त दवाखान्याच्या दिवशीच घालायचं, असं करू नका. अधूनमधून जेवणाआधी, अंगणात, काहीही वाईट न घडता घाला. 2019 आणि 2021 च्या महापुरात घरं सोडावी लागलेल्यांना हे वेगळं सांगायला नको : नाव दारात आलेली असते, उचलणारे हात अनोळखी असतात, आणि घाबरलेलं शहाणं कुत्रंही चावतं. मुसक्याची सवय असलेल्या जनावराला तेव्हा नावेत जागा मिळणं सोपं जातं.

भुंकणं बंद करायला, चपला कुरतडू नये म्हणून किंवा दिवसभर बांधून ठेवताना मुसकं वापरू नका. मुसकं घातलेल्या कुत्र्याला कधीच एकटं सोडायचं नाही. जाळी ग्रिलमध्ये अडकते. दात बंद असले तरी ते धडक देऊन म्हाताऱ्या माणसाला पाडू शकतं, हेही लक्षात असू द्या.

लीश आणि गळपट्टा

लीश म्हणजे कुत्र्याला धरून फिरवायची दोरी. लांबी 4 ते 6 फूट, एकसंध, जाड नायलॉनची किंवा चामड्याची. बटण दाबून लांब-आखूड होणारी गुंडाळीची लीश अशा कुत्र्यासाठी अजिबात नको. ती थांबवेपर्यंत कुत्रं 10-15 फूट पुढे गेलेलं असतं. साखळी मजबूत वाटते, पण हातात धरवत नाही आणि झटका थेट मानेला बसतो.

हूक मात्र निरखून घ्या. लीश तुटते ती बहुतेकदा हुकापाशी किंवा हुकाजवळच्या शिलाईपाशी. दांडी मागे ओढून सोडा, ती खटकन पूर्ण परत आली पाहिजे. मध्येच अडखळली तर आतली स्प्रिंग गंजली आहे. फिरकी सहज फिरते का पाहा. मुलामा उडून लोखंड दिसत असेल तर बदला. पावसाळ्यानंतर सगळ्यांनीच एकदा तपासावं. पितळी किंवा स्टीलचा हूक थोडा महाग पडतो, तिथे पैसे वाचवू नका.

कारवानी, मुधोळ यांची मान डोक्याहून फारशी बारीक नसते, मागे सरकलं की साधा गळपट्टा कानांवरून निघून येतो. त्यांना रुंद, ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा पट्टा द्या. अंगावर जाणाऱ्या कुठल्याही कुत्र्याला दोन ठिकाणी बांधा : छातीपुढे कडी असलेला हार्नेस (छाती-पोटाभोवती बसणारा पट्टा) आणि गळपट्टा, दोन्हींना जोडणारी छोटी लीश. एक सुटलं तर दुसरं राहतं. लीश बोटांना किंवा मनगटाला गुंडाळू नका, तीस किलोचं कुत्रं एका झेपेत बोट मोडतं. फासा अंगठ्यात अडकवून मूठ मिटा, दुसरा हात खाली लीशवर. मुलांच्या हाती देऊ नका.

काट्यांचा पट्टा आणि गळा आवळणारी साखळी आम्ही ठेवत नाही. समोरून माणूस आला आणि त्याच क्षणी गळ्याला कळ बसली तर कुत्रं इतकंच शिकतं की माणूस आला की दुखतं. पुढच्या वेळी ते आणखी लवकर अंगावर जातं. गुरगुरण्याबद्दल मारणंही तसंच. गुरगुरणं ही ताकीद असते, ती मारून बंद केली की कुत्रं न गुरगुरता चावतं. त्याच्याही आधी ते ओठ चाटतं, तोंड फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, अंग ताठ करून थिजतं. हे दिसलं की शांतपणे वळा, रस्ता ओलांडा. लीश ताणलेली ठेवू नका, ताण कुत्र्याला लगेच कळतो.

फिरायची वेळ बदला, रस्ते मोकळे असतात तेव्हा बाहेर पडा. गल्लीच्या तोंडाशी भटकी कुत्री बसतात तो रस्ता टाळा, मुसकं घातलेलं कुत्रं स्वतःचा बचाव करू शकत नाही.

कायद्याचं दोन ओळींत

पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे : 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फाटकावर पाटी लावून जबाबदारी टळत नाही. दुसरीकडे, आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही.

आमच्याकडून

मुसकं घेताना कुत्र्याला आणता आलं तर दुपारी गर्दी नसताना आणा, पण आधी फोन करा म्हणजे दुसरं कुत्रं आत नसेल हे आम्ही पाहू. माप चुकलं तर मुसकं धुऊन परत आणा, बदलून देऊ. शिवलेलं असेल तर पट्टे वाढवून किंवा कमी करून देऊ, त्याचे पैसे नाहीत. लीशचा हूक किंवा शिलाई सैल वाटली तर कुठूनही घेतलेली असो, घेऊन या, तपासून देतो.