रेटिनातल्या पेशींचं गणित, आणि ते जिथे अडतं

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनात, उजेड टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास, आणि मेंदूकडे सिग्नल नेणाऱ्या गँग्लियन पेशी जेमतेम १०-१२ लाख, त्यामुळे सगळं जसंच्या तसं वर पाठवणं शक्यच नाही, काटछाट तिथेच होते.

ती कशी होते? १९५३ मधे स्टीफन कुफ्लर यांनी मांजराच्या रेटिनात बघितलं की प्रत्येक गँग्लियन पेशीच्या वाट्याला एक छोटी गोल जागा असते, मधोमध उजेड पडला की पेशी जोरात सिग्नल देते आणि भोवतीच्या कड्यात पडला की गप्प होते (काही पेशी बरोबर उलट वागतात). १९६५ मधे रॉडिक यांनी हे गणितात बसवलं: एक उंच अरुंद वक्र घ्या, त्यातून एक बुटका रुंद वक्र वजा करा, झालं मॉडेल. सगळीकडे सारखाच उजेड असेल तर जवळपास काहीच उरत नाही, कडा आली की आकडा वर जातो. इतकं सोपं आणि तरी इतकं चालणारं मॉडेल, मला तर फारच आवडतं.

पण खरी मजा पुढे आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवायच्या आणि मधेच काळ्याच्या जागी पांढरा, पांढऱ्याच्या जागी काळा करायचा. पट्ट्या नेमक्या जागी असल्या की अर्ध्या भागात उजेड जेवढा वाढतो तेवढाच उरलेल्या अर्ध्यात कमी होतो, मग वजाबाकीच्या हिशेबाने पेशी गप्पच राहायला हवी. गँग्लियन पेशींच्या दोन जातींपैकी एक्स पेशी राहतातही. वाय पेशी मात्र पट्ट्या कुठेही सरकवा, दर अदलाबदलीला उत्तर देतात! कारण वाय पेशी बऱ्याच बायपोलर पेशींचं (उजेड टिपणाऱ्या आणि गँग्लियन पेशींच्या मधल्या दुव्याचं) ऐकते, आणि त्यातली प्रत्येक आपल्या तुकड्यातला एकाच दिशेचा बदल जोरात कळवते, उलटा बदल जवळपास कळवतच नाही, त्यामुळे अधिक-उणे एकमेकांना खातच नाहीत. म्हणून मॉडेलमधे आधी छोटे तुकडे, प्रत्येकाची उणे बाजू कापायची आणि मगच बेरीज, हा क्रम लागतो, तो उलटा केला की उत्तर चुकतं.

आता हेच थरावर थर रचून न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलने, करतात. सॅलॅमँडरच्या (पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या) रेटिनाला निसर्गातली दृश्यं दाखवून गँग्लियन पेशींची उत्तरं रेकॉर्ड केली, त्यावर नेटवर्क शिकवलं, तर जुन्या साध्या मॉडेलपेक्षा अंदाज बरेच चांगले आले. आणि नेटवर्कच्या आतले काही युनिट खऱ्या रेटिनातल्या मधल्या पेशींसारखे वागताना सापडले, त्या पेशींचं रेकॉर्डिंग त्याला शिकवताना कधी दिलंच नव्हतं!