'सेफ्टी महत्त्वाची वाटते का?' याला 'नाही' कोण लिहिणार

कामगाराच्या हातात फॉर्म दिला आणि विचारलं की सुरक्षेचे नियम पाळावेत असं वाटतं का, तर तो 'हो' वरच टिक करणार, कारण फॉर्म शेवटी साहेबाकडे जाणार हे त्याला माहीत असतं. मनात काय आहे ते मग कळायचं कसं? हा प्रश्न पडायलाच बराच वेळ गेला.

1919 मधे ब्रिटनमधे ग्रीनवुड आणि वुड्स या संशोधकांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांतले अपघात मोजले, थोड्याच लोकांच्या वाट्याला जास्त अपघात येतात असं दिसलं आणि त्यातून 'अपघातप्रवण माणूस' ही कल्पना पुढे आली. मग 1931 मधे अमेरिकेत विमा कंपनीतल्या हाइनरिख यांनी सांगितलं की 88 टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात. आता हा आकडा निघाला कशातून, तर विम्याचे दावे आणि मालकांकडचे रिपोर्ट, म्हणजे दोष कुणावर ढकलला जाणार ते उघडच आहे! कामगाराला कुणी काही विचारलंच नव्हतं.

ते विचारलं डोव्ह झोहर या संशोधकानं, 1980 मधे, इस्राएलमधल्या 20 कारखान्यांत 40 प्रश्न घेऊन, आणि 'सेफ्टी क्लायमेट', म्हणजे आपल्याकडे सुरक्षेला किती महत्त्व आहे याबद्दल कामगारांना काय वाटतं, हा शब्द रुळला. 1986 च्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर 'सेफ्टी कल्चर', म्हणजे संस्थेत मुरलेली सुरक्षेची सवय, हा शब्द आला आणि प्रश्नावल्यांचं पीकच आलं. पण टिक करणारा माणूस तोच, आणि त्याची भीतीही तीच.

वाट सापडली ती दुसरीकडे. 1998 मधे ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी आयएटी (इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, मनातले नकळत जुळलेले संबंध मोजणारी) नावाची टेस्ट मांडली, त्यात मत विचारतच नाहीत, स्क्रीनवर शब्द येतात, पटापट बटण दाबून ते गटांत लावायचे आणि कुठली जोडी (जसं 'सुरक्षा' आणि 'चांगलं') लावताना हात किती मिलिसेकंद अडखळतो ते बघायचं. विचार करून गोड उत्तर द्यायला वेळच मिळत नाही. 2006 मधे बर्न्स, मर्न्स आणि मॅकजॉर्ज यांनी ब्रिटनमधल्या एका गॅस प्लांटवर अशीच वेळ मोजणारी, पण वेगळ्या पद्धतीची टेस्ट वापरली. फॉर्मवर कामगारांनी सहकारी, सुपरवायझर, वरचे मॅनेजर सगळ्यांवर विश्वास दाखवला होता, टेस्टमधे मात्र तो फक्त सोबत काम करणाऱ्यांवरच दिसला. मला तर हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही.

फक्त एक आहे, आयएटी त्याच माणसाला पुन्हा दिली तर स्कोअर बराच बदलू शकतो, त्यामुळे गटाचा अंदाज घ्यायला ठीक, पण एखाद्याला 'हा निष्काळजी' म्हणून कामावरून काढायला ती वापरू नये.